माळवदावरची पांढरी

मे महिना, रात्रीचे दहा. आत्याच्या घरी हातपाय धुवायला नळ सोडला तर चटका बसला. पाणी कुणी तापवलेलं नव्हतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं होतं. आत येऊन पंख्याखाली बसलो, तर आत्या म्हणाली, "बंद कर रे बाबा, नुसतं गरम वारं फेकूलालाय."

पंचवीस वर्षांनी अहमदपूरला आलो होतो. १९५६ साली बिदरमधून उस्मानाबादेत, १९८२ला लातुरात, असं हे गाव जागचं न हलता जिल्हे बदलत आलंय. लातूर-नांदेड रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग झालाय. पण मला चुकल्यासारखं झालं ते सकाळी गच्चीवर. आमच्या जुन्या माळवदावरून शेजारची माळवदं दिसायची, एकाला एक लागून, सगळी मातीच्या रंगाची. आता नजर जाईल तिथं टाक्या.

माळवद म्हणजे खांबांवर तुळया, त्यांवर किलच नाहीतर फळ्या, वर पाला-काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मातीच्या छपराखाली माणसं पावसाळे काढायची कशी? खुबी मातीच्या जातीत आहे. शेतातली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. ती वर घातली तर छप्पर गळणारच. म्हणून गावठाणातली पांढरी आणायची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेणकूट मुरून झालेली माती ती. आपल्याकडे शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे आजीच्या डोक्यावर तिच्या आधीच्या कितीतरी आज्यांची घरं होती! मृगाआधी नवी पांढरी टाकून चोपायची, उगवलेलं गवत उपटायचं, की झालं.

उन्हाला तो थर ओलांडायला इतका वेळ लागे की उष्णता खाली पोचेस्तोवर रात्र होऊन वरचा भाग निवायला लागलेला असे. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण अंथरूण टाकलं की खाली सोडतो. आत्याच्या पंख्याचं कोडं एवढंच.

मग माळवदं का गेली? सागवान महागलं, दरवर्षी माती चोपायला माणसं मिळेनात. शिवाय किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, झोपेतली हजारो माणसं दगडमातीखाली गेली. धास्ती जिल्हाभर बसली. सगळा दोष छपराला देणं मला पटत नाही. वरचं वजन होतंच. पण चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना सांधणारे आरपार दगड नसायचे, म्हणून हादऱ्यानं भिंत मधोमध उकलली. तरी ज्यानं ती सकाळ पाहिली, त्याला हे समजावून माळवदाखाली झोपवणार कोण?

आमचं माळवद उतरवलं तेव्हा मी नव्हतो. एक नक्षीचा खांब परसात उभा आहे, त्याला कपडे वाळवायची तार बांधलीय. मी विचारलं, "आणि माती?"

"ट्रॅक्टरनं शेतात नेली की," आत्या म्हणाली. "पांढरीला खत लागत नाही. त्या तुकड्यात पावसाळ्यात सोयाबीन बघ, कंबरेला लागतंय."