सालईचा डिंक: गुडघ्याला किती, बाजारात किती



आजचा मेसेज जरा मोठा आहे. गडबडीत असाल तर रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, आणि घरात ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही वाचून दाखवा.

थंडी सुरू झाली की दोन गोष्टी होतात. म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डिंक मागणारे व्यापारी फिरू लागतात. दोन्हीत नाव एकच निघतं, *सालई*. कागदासारखी सुटणारी, राखी-हिरवट सालीची ही झाडं आपल्या मुरमाड उतारांवर उभीच असतात. ढोरं त्यांना फारसं तोंड लावत नाहीत, वणव्यातूनही ती तगतात. लाकूड मऊ, म्हणून एकेकाळी नेपानगरच्या कागद कारखान्यात जायचं. पण खरा पैसा सालीखालच्या डिंकात आहे. आयुर्वेदात या झाडाला शल्लकी म्हणतात आणि डिंकाला कुंदुरू. अरबस्तानात ओमानच्या धोफार भागातला जो जगप्रसिद्ध धूप आहे, त्या झाडाची ही सख्खी भावकी.

आधी नावांचा घोळ मिटवू. बाजारात याला 'सालई गुग्गुळ' म्हणतात, पण खरा गुग्गुळ कच्छ-राजस्थानकडच्या काटेरी झुडपाचा, तो वेगळा. लोबान म्हणून जे विकतात ते पुष्कळदा सुमात्राकडच्या भलत्याच झाडाचं असतं. आणि लाडवात घालतो तो डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. *सालईचा डिंक लाडवात घालू नका.* धावड्याचा डिंक तुपात लाहीसारखा फुलतो, पाण्यात विरघळतो. सालईचा म्हणजे राळ आणि डिंक एकत्र. पाण्यात घोटला तर दुधाळ होतो, पूर्ण विरघळत नाही, आणि निखाऱ्यावर टाकला की देवळासारखा वास सुटतो. ओळखायला एवढं पुरे.

आता गुडघ्याचं. या राळेत बोस्वेलिक आम्ल नावाचे घटक असतात. अंगात सूज वाढवणारं एक रसायन तयार होतं, त्याच्या कामात ते अडथळा आणतात. आपल्या नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या झिजेच्या 30 रुग्णांवर याची चाचणी झाली, 2003 साली ती छापून आली. आठ आठवडे अर्क आणि आठ आठवडे खोटं औषध, अशी आलटून-पालटून. अर्क चालू असताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. म्हणजे दुखण्याला उतार पडला, झिजलेलं हाड भरून आलं नाही. 30 माणसं म्हणजे काही फार मोठी चाचणी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पण "नुसती झाडपाल्याची गोष्ट" म्हणून उडवून लावण्यासारखंही हे नाही.

चाचणीत वापरला तो मोजून काढलेला अर्क, झाडावरून खरवडलेला कच्चा डिंक नव्हे. म्हणून कच्चा डिंक कुटून गोळ्या करून खाऊ नका. गोळी घ्यायचीच असेल तर डब्यावर कंपनीचं नाव, आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक आणि पूरक आहार असेल तर 14 आकडी अन्न परवाना क्रमांक बघा. ती उपाशीपोटी घेण्यापेक्षा जेवणासोबत बरी, तेला-तुपाबरोबर हा अर्क अंगाला जास्त लागतो. फरक दिसायला आठवडे लागतात. काहींना पोटात जळजळ, जुलाब होतात. *रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.*

आठवडी बाजारात बिननावाच्या 'संधिवाताच्या पुड्या' मिळतात, त्यांच्यापासून फार जपा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा सापडलेलं आहे. दोन दिवसांत दुखणं पार गायब, भूक वाढली, महिन्याभरात तोंडावर सूज आली, साखर वाढली, तर तो गुण सालईचा नाही असं समजा. आणि पुडी एकदम बंदही करू नका. ती हातात घेऊनच सरकारी दवाखान्यात जा, कारण बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

आता जे डिंक काढतात त्यांच्यासाठी. हंगाम साधारण नोव्हेंबर ते जून. हाताच्या दोन्ही कवेत मावत नाही असं जाड झाडच घ्या, कोवळं नको. कुऱ्हाडीचे घाव घालायचे नाहीत, जमिनीपासून वीतभर वर सालीचा पातळ थर तासायचा, आतल्या लाकडाला धार लागू द्यायची नाही. चांगलं झाड वर्षाला किलो-दीड किलो देतं, व्यापारी म्हणतो म्हणून त्याच्याकडून तीन किलो निघत नाहीत. इथिओपिया, इरिट्रिया, सुदानमध्ये याच भावकीतल्या झाडांना खाचांवर खाचा पाडल्या. जास्त तासलेल्या झाडाचं बी नीट उगवत नाही, वरून चराई आणि वणवे, त्यामुळे नवी रोपं वरच येईनात. 20 वर्षांत तिथलं उत्पादन निम्म्यावर येईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2019 साली मांडला. आपल्याकडेही जुनी झाडं दिसतात, हाताएवढी रोपं किती दिसतात ते एकदा डोंगरात जाऊन मोजा.

काढलेला डिंक टोपलीत ठेवून त्यातला पातळ रस निथळू द्या, मग माती-साल निवडून फिकट पिवळे खडे वेगळे ठेवा. सगळं एकत्र पोत्यात भरलं की भाव काळ्या मालाचाच मिळतो. यात व्यापाऱ्याचा दोष नाही, आपला आळस आहे. आणि एक, वनहक्क कायदा 2006 प्रमाणे गौण वनउपजावर हक्क वनहक्कधारकांचा आणि ग्रामसभेचा आहे. तुमच्या गावाचा सामूहिक दावा मंजूर असेल तर ठरावाची प्रत जवळ ठेवा. नसेल तर आधी ग्रामसभेत विषय घ्या, मगच झाडाला हात लावा.

बांधावर लावायची असेल तर बियांच्या नादी लागू नका. मनगटाएवढ्या जाड, कंबरेइतक्या उंच फांद्या पावसाआधी खड्ड्यात रोवल्या तर फुटतात. ज्यांना फांद्या पाहिजेत त्यांनी या मेसेजखाली गावाचं नाव आणि नग लिहून पाठवा, उन्हाळ्यात छाटणीच्या वेळी कळवू.