सोपाऱ्याची तेरा खापरे

भाईंदरहून विरारकडे जाणारी लोकल वसईची खाडी ओलांडते आणि तिसऱ्या स्टेशनावर नालासोपारा येते. मीरा-भाईंदरच्या वस्त्यांतून आपली माणसे तेथील स्तूपावर जातात, मीही जातो. मेणबत्ती लावतो, वंदना होते, आपण परततो. पण या स्तूपाच्या पोटातून काय निघाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा ढिगारा खणला. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बांबू सोलून टोपल्या विणणाऱ्या बुरडाला लोकस्मृतीने येथे राजा करून ठेवले होते, याची नोंद पांडित्याने जाता जाता घेतली आणि तो पुढे गेला. आपण इतक्या सहज पुढे जाऊ नये. ढिगाऱ्याच्या मध्यभागी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणजे काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. आणि त्या सोन्यात काय जपले होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते तेथे ठेवले असावेत, असे भगवानलालांनी मानले.

विनयाने भिक्खूला दोनच प्रकारची पात्रे दिली, लोखंडाचे आणि मातीचे. सोन्याचांदीचे पात्र निषिद्ध. म्हणजे ज्याने सोने नाकारले त्याचे खापर सोन्यात ठेवले गेले! ही विसंगती आहेच. पण त्या समाजाला फुटके खापर विटाळाचे वाटले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. याउलट मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाला फुटक्या भांड्यात जेवायला लावतो. आणि पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके अडकवले जात असे, ही नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'च्या भाषणात केलेली आहे. मातीच्या भांड्याचा हाही इतिहास आहे आणि तो प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवता येत नाही.

आता प्रश्न असा की, ती तेरा खापरे आली कोठून? ग्रंथ याचे उत्तर देणार नाहीत. माती देऊ शकते.

कुंभार माती लांबून आणत नाही. ओझे त्याच्याच पाठीवर असते. म्हणून भांड्यात त्याच्या गावचा खडक उतरतो. आपल्या कोकणाचा आणि देशाचा पाया काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. तो झिजून झालेल्या मातीत पायरॉक्सिन, फेल्डस्पार आणि लोहाचे काळे कण असतात. अभ्रक जवळजवळ नसतेच. गंगेचा गाळ हिमालयातून आलेला, त्यात गारगोटीचे कण आणि अभ्रकाची चमक भरपूर. खापराचा मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हे कण आपापल्या रंगांनी ओळखू येतात. त्याहून बारीक माती असेल तर क्ष-किरणांचा मारा करतात. प्रत्येक खनिजाचे स्फटिक ते किरण ठरावीक कोनांत वळवतात. त्याच परीक्षेतून आवा किती तापला होता याचाही अंदाज येतो, कारण काही खनिजे पाच-सहाशे अंशांवर मोडतात, तर काही नऊशेपर्यंत तग धरतात. लाकूड किती घालायचे, वारा कोणत्या बाजूने घ्यायचा, हे ज्ञान कुंभाराने कोठेही लिहून ठेवले नाही. त्याला लिहू दिले नव्हते. ते खापराच्या गाभ्यात राहिले.

एक उदाहरण देतो. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. तेथे एक सुबक उथळ थाळी मिळाली. तळाला आतून ठिपक्यांची वर्तुळे, अंगाला तुळतुळीत झिलई. सोबत रोमन भांडी होती, तेव्हा ही थाळीही भूमध्य समुद्राकडची असणार, असे त्यांनी धरले. इतके नाजूक काम इथल्या कुंभाराचे कसे असेल, हा न बोललेला प्रश्न मला त्या निष्कर्षामागे दिसतो. पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी या थाळ्या तपासल्या आणि १९९७ साली त्यांची माती बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक भागाशी जुळते असे मांडले. नेमक्या ठिकाणाविषयी मतभेद असू शकतात. पण थाळी रोमची नव्हे, इथल्या चाकावरची, हे आता मान्य आहे. तीच थाळी थेट बालीच्या सेंबिरानपर्यंत गेलेली आढळते. नाव व्यापाऱ्याचे झाले, हात कुंभाराचा होता.

उलटही घडते. पश्चिम किनाऱ्यावरची अनेक जाड खापरे पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभाची समजली जात. रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा पाहिली, तेव्हा त्यातली बरीच इराकच्या बाजूची निघाली. आतून डांबर फासलेल्या निमुळत्या रांजणांची. म्हणजे आपली बंदरे रोम बुडाल्यावरही इराणच्या आखाताशी बोलत होती.

तेव्हा सोपाऱ्याच्या तेरा खापरांचीही अशी परीक्षा व्हावी, असे मी म्हणतो. काही मित्रांना यात श्रद्धेला धक्का वाटतो. फाहियानने इसवी सन ४०० च्या सुमारास बुद्धाचे पात्र पुरुषपुराला, आजच्या पेशावरला, पाहिल्याचे लिहिले आहे; म्हणजे दावे एकाहून अधिक आहेतच. तुकड्यांत अभ्रक निघाले तर ते गंगेकाठहून आलेले असू शकतात. पायरॉक्सिन निघाले तर शूर्पारकच्या एखाद्या कुंभाराने केलेले पात्र उपासकांनी सोन्यात ठेवले, असे म्हणावे लागेल. मला दुसरे उत्तरही कमी वाटत नाही. काप काढण्यासाठी तुकडा खर्ची पडतो, म्हणून येथे तो काढू नये. न मोडता मूलद्रव्ये मोजणारी, हातात धरायची क्ष-किरण यंत्रे आता मिळतात. तीवरून बेसॉल्टची माती आणि गंगेचा गाळ एवढा फरक तरी कळावा. सोपाऱ्याचे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. तेथे अर्ज करायचा तर तो संशोधन संस्थेमार्फत करावा लागेल, आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत आपल्या कॉलेजांतले विद्यार्थी असावेत.