मांडवीचे माहेर

सुट्टी लागली की बेळगाव-निपाणीकडील कुटुंबे दोन दिवसांसाठी पणजीला येतात. मिरामारची वाळू, चर्चच्या पायऱ्या, आबे फारियाचा पुतळा आणि सायंकाळी मांडवीतील नौकाविहार एवढे झाले की गोवा पाहिल्याच्या समाधानात मंडळी घाट चढू लागतात. या पाहुण्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र ज्या पाण्यावर आपली नौका डोलते ते आपल्याच जिल्ह्यातून आले आहे, हे त्यांच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. खानापूर तालुक्यातील देगावाजवळ उगम पावणारी म्हादई सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते.

चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबी लागते. तेथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस कृष्णेकडे जाते, तर तेथलाच कळसा नाला पश्चिमेस म्हादईकडे. हा नाला मलप्रभेत वळविण्यावरून दोन राज्यांत वितुष्ट आले. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, तरी वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाच. आमचा कौल अर्थातच गोमंतकाच्या बाजूने आहे. गोड्या पाण्याचा ओघ घटला तर खारे पाणी नदीत वर चढेल. परंतु हुबळी-धारवाडची तहानही खोटी नव्हे. निवाडा न्यायालय करील. शेजारधर्म आपणच पाळावयाचा आहे.

म्हणून पाहुण्यांना एकच विनंती. परतताना कणकुंबीला अर्धा तास थांबा. माउलीचे दर्शन घ्या आणि कोणते पाणी कुठे जाते ते मुलांना समजावून सांगा. मांडवीचे माहेर आपल्या खानापुरात आहे हे ज्या मुलाला ठाऊक असेल, तो मोठेपणी तिचे अहित चिंतणार नाही.