अंगणातून टिपलेली सर्पिल दीर्घिका

एम ५१ ही सर्पिल दीर्घिका सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाशी, मरीची ताऱ्याजवळ आहे. शार्ल मेसिए यांनी ती १७७३ मध्ये शोधली. तिचे सर्पिल रूप मात्र १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बिणीतून ओळखले. आज ६ इंची दुर्बीण आणि कॅमेरा एवढ्यावर तिचे बाहू स्पष्ट टिपता येतात. खरी मदार माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर असते. तो ध्रुवाच्या रोखाने नीट जुळवलेला आणि मोटरवर फिरणारा हवा, नाहीतर तारे रेघांसारखे ओढले जातात. दोन-तीन मिनिटांची अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र केली, की कॅमेऱ्याची खरखर (नॉइज) दबते आणि अंधूक बाहू, शेजारची छोटी दीर्घिकाही उठून दिसते. महाराष्ट्रातून यासाठी एप्रिल-मेमधील अमावास्येच्या आसपासच्या रात्री सर्वांत सोयीच्या.