रुपया : नाव एक, नाणी अनेक

'रुपया' हे नाव चांदीवरून पडले असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण चांदी असा अर्थ असलेल्या 'रूप्य' या संस्कृत शब्दाला पाणिनीच्या व्याकरणात ठसा उमटवलेले नाणे असाही अर्थ आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला 'रूपदर्शक' म्हटले आहे.

या जुन्या नावाला ठरावीक वजन मिळाले ते १५४० ते १५४५ या काळात दिल्लीवर राज्य करणाऱ्या शेरशाह सूरीमुळे. आधीच्या सुलतानांच्या मिश्रधातूच्या नाण्यांऐवजी त्याने सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम वजनाचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा रुपया पाडला आणि मोगलांनी तो पुढे चालू ठेवला.

मात्र शेरशाहने देशाला एकच रुपया दिला, हा समज चुकीचा आहे. मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर टांकसाळी स्थानिक सत्तांच्या हाती गेल्या आणि पेशवाईत पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी अशी नाणी शेजारी शेजारी चालू लागली. गंमत अशी की मराठ्यांच्या अनेक रुपयांवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचेच असे. प्रत्येक नाण्याचा कस आणि झीज वेगळी असल्याने सराफ नाणे वाजवून, तोलून पाही, पटल्यास त्यावर आपली बारीक खूण ठोके आणि दोन नाण्यांच्या मोलातील फरकापोटी 'बट्टा' कापून घेई. हा बट्टा रयतेला सारा भरतानाही सोसावा लागे.

एकसारखा रुपया खऱ्या अर्थाने आला तो १८३५ साली, जेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याच्या मुखवट्याचे, १८० ग्रेन वजनाचे आणि बारापैकी अकरा भाग चांदीचे नाणे आपल्या सर्व मुलुखात लागू केले. त्याचे वजन बरोबर एक तोळा असल्याने बाजारात तो वजन म्हणूनही चाले आणि ऐंशी रुपये म्हणजे एक सेर, असा हिशेब होई.

पुढे जगात चांदी स्वस्त झाली, तेव्हा सरकारने १८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि रुपयाचे मोल चांदीपासून सुटून सरकारी धोरणाला बांधले गेले. या धोरणाची परखड चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात केली असून रुपयाच्या इतिहासात रस असणाऱ्याने तो चुकवू नये. १९४० मध्ये नाण्यातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला आणि आजचे एक रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे आहे.