टेम्पो दारात येण्याआधी

एप्रिल अखेरची गोष्ट. शाळेत पेपर तपासणे चालू होते. आमची एक तरुण सहकारी उजव्या हाताला पट्टी बांधून स्टाफरूममध्ये आली. तिचे पेपर आम्ही आपल्याकडे ओढून घेतले आणि काय झाले ते विचारले. "काही नाही आपा, घर बदललं," एवढेच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तिच्या निकाहला दीड वर्ष झालेले. पुण्याच्या कॅम्पातले सासरचे घर दोन खोल्यांचे. त्यात सासू-सासरे, जेठ-जेठाणी, त्यांची दोन मुले आणि हे दोघे. जागा पुरेना, म्हणून सर्वांच्या राजीखुशीने दोघांनी कोंढव्याला वन रूम किचन भाड्याने घेतले. कोणाशी तंटा नाही, कोणाची नाराजी नाही. सासूबाईंनी तर स्वतःच्या हाताने नव्या घरासाठी मसाल्याचे डबे भरून दिले. तरीही नव्या घरातली पहिली रात्र दोघांनी एकमेकांशी अबोला धरून काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ही थेट माहेरी गेली.

तिचे म्हणणे असे. आठवडाभर शाळेतून आल्यावर रात्री बारापर्यंत ती एकटी सामान बांधत होती. नवरा रोज विचारायचा, "सांग ना, काय करू?" तीही दमून म्हणायची, "राहू द्या." रविवारी सकाळी टेम्पो दारात आला तेव्हा स्वयंपाकघर बांधायचे राहिले होते. नवरा खाली ड्रायव्हरजवळ उभा, कानाला फोन. नव्या इमारतीची लिफ्ट बंद. शेवटी तिचे दोन भाऊ धावून आले. कपाट आणि दिवाण त्यांनी तीन मजले चढवला. घाईत काचेची प्लेट फुटली आणि तिच्या तळव्याला चार टाके पडले. त्यावर नवरा म्हणाला, "भावांना बोलवायची काय गरज होती? हमाल केले असते." ती म्हणाली, "मग केले का नाहीत?"

भांडण एवढेच. पण तिला दुखले ते हाताचे नव्हते. "माझा माणूस माझ्यासोबत नव्हता, आपा," ती म्हणाली.

दुसरी बाजू

चार दिवसांनी तिचे शौहर शाळेच्या फाटकाशी आले. आम्ही त्यांना चहा पाजला. त्यांचीही तक्रार होती. डिपॉझिटसाठी त्यांनी भिशी उचलली, एजंटाबरोबर उन्हातान्हात अकरा घरे पाहिली, करारनाम्यासाठी दोनदा अर्धी रजा टाकली, गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर करून घेतली. रविवारी तो फोनही घरमालकाला होता, लिफ्ट चालू करा म्हणून. "आणि घरात काही उचलायला गेलो की ही म्हणते, असं नाही, आधी कागदात गुंडाळा. मग माझ्या हातातून काढून घेते. भाऊ आले तेव्हा मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं."

दोघेही खरे बोलत होते. तिला करारनाम्याची धावपळ दिसली नव्हती, त्याला रात्री बाराचे बांधणे दिसले नव्हते.

हे ऐकताना आम्हांला आमचेच घर आठवले. संसाराच्या सुरुवातीला आम्हीही असेच घर बदलले होते. साहेबांनी एक पातेले उचलले की आम्ही म्हणायचो, "राहू द्या, तुम्हांला जमणार नाही." त्यांनीही ते आनंदाने मान्य केले. पुढे आम्हांला टायफॉइड झाला, तेव्हा आपल्याच स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शेजारच्या खालाजान पंधरा दिवस डबा देत होत्या. मनात फार राग होता. पण त्या रागात आमच्या "राहू द्या"चाही वाटा होता, हे कळायला वर्षे गेली.

'मदत' कोणाची?

केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय दिवसभरात घरच्या कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात 81 होत्या, पुरुष फक्त 26. म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाने काही केले तर ती 'मदत' आणि बाईने केले तर ते तिचे काम.

आपल्याकडे काही भाऊ म्हणतात की अन्न, वस्त्र आणि राहायला जागा देणे ही शौहरची जबाबदारी, ती आम्ही पार पाडली. नफ्क्याचा हा नियम खराच आहे. पण जागा दिली म्हणजे घरातला हात आखडता घ्यायची मुभा मिळाली, असे नाही. रसूलुल्लाह (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर हदीसमध्ये नोंदलेले आहे. हे आपण मीलादच्या जलशात ऐकतो, घरी येऊन विसरतो.

मात्र बायकोने रोज हुकूम सोडावा आणि नवऱ्याने तो पाळावा, हाही उपाय नव्हे. "सांग ना, काय करू?" या प्रश्नात कामाचा विचार करण्याचे ओझे तिच्याच डोक्यावर राहते. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला एकेक समिती असते. ज्यांच्याकडे अल्पोपहार, ते समोसे किती आणायचे हे मुख्याध्यापकांना विचारत बसत नाहीत. मोजणे, आणणे, वाटणे, उरलेल्याचा हिशेब देणे, सगळे त्यांचेच. दुसऱ्या समितीचे लोक त्यात नाक खुपसत नाहीत. घर बदलतानाही हेच करावे.

कामे अशी वाटा

टेम्पो सांगण्याच्या पंधरा दिवस आधी दोघांनी बसून सर्व कामे कागदावर लिहावीत. जी दिसत नाहीत तीही लिहावीत : करारनामा, डिपॉझिट, वीज, गॅस, पाण्याची वेळ विचारणे, लिफ्ट चालू आहे का ते पाहणे. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यावर दोघांची नावे घालता आली तर घालावीत, पत्ता बदलताना दोघांनाही सोयीचे जाते.

प्रत्येक कामापुढे एकच नाव असावे. ज्याचे नाव, त्याने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे. दुसऱ्याने त्याच्या पद्धतीत खोड काढू नये. वाटी फुटली तर फुटू द्यावी.

जड सामानासाठी हमाल करायचे की भाऊ-दीर बोलवायचे, हे आधी ठरवावे. बोलवायचेच तर दोन्ही घरचे बोलवावेत. म्हणजे एकाला उपकार वाटत नाहीत आणि दुसऱ्याला अपमान.

पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी बांधावी : दोन चादरी, चहाचे सामान, औषधे, चार्जर, जानमाज. फ्रिज उभाच न्यावा आणि लगेच चालू न करता काही तास तसाच ठेवावा. त्या दिवशी चूल पेटवण्याचा हट्ट नको. पाव-खिमा बाहेरून आणला तर बरकत कमी होत नाही.

आमच्या सहकारीचे पुढे काय झाले, ते सांगतो. हाताला टाके, म्हणून खोकी उघडणे तिला शक्यच नव्हते. पाचव्या दिवशी ती कोंढव्याला परतली. नवऱ्याने एकट्याने स्वयंपाकघर लावले. मसाले खालच्या फळीवर, पातेली वर. सगळे तिच्या सवयीच्या उलट. "हात बरा झाल्यावर बदलणार होते," ती म्हणाली, "पण नाही बदललं. आता मीठ कुठे आहे ते मीच त्यांना विचारते."

येत्या सुट्टीत ज्या घरांतून कोणी नव्या जागेत जाणार असेल, त्यांनी हा कागद आजच लिहायला घ्यावा. घर दोघांचे आहे, तर खोकीही दोघांनी उचलावीत. अल्लाह सर्वांच्या नव्या घरांत सुकून देवो.