मागच्या चाकाचा ओलावा

ओम्नीच्या डाव्या मागच्या टायरला आतल्या बाजूने ओला ओघळ आला होता. साखरप्याच्या मेस्त्रींनी तो पाहिला आणि जॅकच्या आधी पाण्याची बाटली मागितली. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे मागच्या ड्रममध्ये दोन वेगवेगळी तेलं शिरू शकतात. ॲक्सलचं सील गेलं तर गिअर ऑइल आणि व्हील सिलिंडरचं रबर गेलं तर ब्रेक ऑइल. मेस्त्रींनी ओघळाला बोट लावलं, वर दोन थेंब पाणी टाकून चोळलं. बोट लगेच स्वच्छ झालं. गिअर ऑइल पाण्याने असं जात नाही, शिवाय त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. म्हणजे सिलिंडरच गेला होता.

पाण्यात मिसळण्याचा हा गुणच ब्रेक ऑइलच्या मुळावर येतो. हवेतला दमटपणा ते रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून हळूहळू ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. आंबा घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला तर चाकाजवळचं ऑइल तिथवर तापू शकतं. ते उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पेडल मोकळंच खाली जातं. लायनर झिजले की आवाज येतो, लोक गॅरेजला धावतात. ऑइल मात्र कुरकुर करत नाही. टाकीतली पातळी उतरली की वरून भर घालायची एवढीच आपली रीत, आणि कोकणातल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती मला खरोखर धोक्याची वाटते.

हँडब्रेक सोडून पुढच्या चाकांना ओट लावली, चाक काढलं. ड्रम जागचा हलेना. त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळले, तसा ड्रम सरळ बाहेर आला. हातोडा मारला असता तर कडा फुटण्याची भीती. आतली काळी धूळ मेस्त्रींनी हवेच्या पाइपने उडवू दिली नाही, पाणी मारून ओल्या फडक्याने पुसून घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत हाही त्यांचा नियम. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती याचा नमुना दुसऱ्या बाजूच्या चाकात शाबूत राहतो.

सिलिंडरची रबरी टोपी उचलली तर आत ऑइल साचलेलं. पिस्टन काढून बोअरमध्ये बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा खालच्या बाजूला, जिथे पाणी बसतं तिथे, गंजाचे बारीक खड्डे दिसले. रबराचं किट स्वस्त पडतं, पण खड्ड्यावर नवं रबर घासून पुन्हा गळणारच, म्हणून सिलिंडर अख्खा बदलला. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन चालत नाहीत. तेही टाकले, आणि उजवीकडचेही टाकले. एकाच बाजूला नवे बसवले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. गॅरेजमधल्या पोराने नवा सिलिंडर पुसायला पेट्रोलचा डबा पुढे केला, तो मेस्त्रींनी बाजूला सारला. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. पुसायला ताजं ब्रेक ऑइलच वापरायचं.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायचं काम. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं, म्हणजे हेच डावं मागचं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी सीटवर. पायाखाली पेडलच्या मागे त्यांनी लाकडाचा तुकडा ठेवायला लावला. रोजच्या वापरात पेडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळे जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग गंजून खरबरीत झालेला असतो. आज पेडल तिथवर नेलं तर चांगली सीलंही फाटतात. "दाबा... धरा... धरून ठेवा... सोडा." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं, त्यात बुडबुड्यांची माळ, मग फिकट पिवळं. पोरगा टाकीकडे नजर ठेवून भर घालत होता; ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

चारही चाकं झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारलं आणि दाबून धरलं. ते हळूहळू खाली बसत गेलं असतं तर मास्टर सिलिंडरचं काम निघालं असतं. बसलं नाही. तसंच धरून इंजिन चालू केलं तेव्हा किंचित आत गेलं, म्हणजे बूस्टरही ठीक. मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत लायनर बसवून घेतले. परत आल्यावर मेस्त्रींनी पुढचे रबरी होज वाकवून दाखवले, बाहेरून बारीक भेगा पडल्या होत्या. ते रत्नागिरीहून मागवले आहेत. येईपर्यंत घाटात गाडी न्यायची नाही, असं त्यांनी बजावलं आहे.